अग्निगोलाची साक्ष

उल्केचे तेज शुक्राच्या वर गेले की तिला अग्निगोल म्हणतात. ही अट खगोलशास्त्राची आहे आणि तीत शुक्राची प्रत उणे चार धरलेली आहे. पाहणाऱ्यांनी ती कधी मान्य केलेली नाही. त्यांच्या लेखी उल्का दोनच प्रकारच्या : स्वतः पाहिलेली आणि दुसऱ्याने पाहिलेली. पहिली अग्निगोल असते, दुसरी किरकोळ.

अग्निगोलाला फार माल लागत नाही. गोटीएवढा खडासुद्धा पुरतो. तो सेकंदाला कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतो, समोरची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते आणि जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर उजेड सुरू होतो. बहुतेकांचा कारभार दोन-चार सेकंदांत आटोपतो. चर्चा मात्र दोन-चार पिढ्या चालते आणि प्रत्येक पिढीत गोल थोडा वाढतो.

नोंदी ठेवण्याची हौस जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांसाठी एक स्वतंत्र अध्याय खर्च केला. त्यात धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत आणि तारा असे पाच प्रकार सांगितले असून प्रत्येकाचे फळ किती दिवसांत मिळेल हेही ठरवून दिले आहे. विद्युत आणि तारा सहा दिवसांत फळ देतात, उल्का आणि धिष्ण्या एका पक्षात, तर अशनीला तीन पक्ष लागतात. कामाला इतकी स्पष्ट मुदत घालून देणारे खाते त्यानंतर निघालेले नाही. गावोगावच्या समजुतीत हे सगळे एका नियमात बसवलेले आहे : तारा तुटला की कुठेतरी कुणीतरी गेले. जगात दर मिनिटाला शंभरावर माणसे मरत असल्यामुळे हा नियम आजवर एकदाही चुकलेला नाही.

अग्निगोल पाहण्यासाठी काळोख, मोकळे आकाश आणि जागा माणूस या तीन गोष्टी लागतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातील कुंभारवाडा येथे पहिली गोष्ट मुबलक आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलामुळे आसपास शहराचा झगमगाट नाही, आणि वीज गेल्यावर तर असलेला उजेडही आड येत नाही. दुसरी गोष्ट ऋतूवर अवलंबून आहे. ययाती उल्कावर्षाव १२-१३ ऑगस्टला भरात येतो आणि जगभर लोक चटया टाकून आकाशाकडे पाहत पडतात. सह्याद्रीच्या या माथ्यावर ऑगस्टमध्ये आकाश ही ऐकीव गोष्ट असते. १३-१४ डिसेंबरच्या मिथुन राशीतल्या वर्षावाला आकाश निरभ्र मिळते, पण तेव्हा थंडी असते आणि माणसे गोधडीत असतात.

खरा जुळून येणारा योग वृषभ राशीतल्या उल्कांचा. एन्के या धूमकेतूने मागे सोडलेला हा कचरा ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पृथ्वीच्या वाटेत येतो. तासाला मोजून पाच-सहा उल्का, पण त्या संथ असतात आणि त्यांत अग्निगोलांचे प्रमाण चांगले असते. नेमके याच दिवसांत भात पिकलेले असते. गवे आणि रानडुकरे यांनाही ते कळलेले असते, म्हणून माळ्यावर राखण बसते. रात्रभर जागा, उघड्यावर बसलेला, दर थोड्या वेळाने सगळीकडे नजर फिरवणारा आणि काहीही हलले की ओरडणारा असा निरीक्षक कोणत्याही वेधशाळेला पगार देऊन मिळणार नाही. अडचण एवढीच की त्याचे लक्ष भातावर असते. दुसरी अडचण दिवाळीची. या पंधरवड्यात आकाशात जे जे उजळते त्यावर पहिला संशय शेजारच्या वाडीतल्या पोरांचा येतो. त्याची परीक्षा सोपी आहे. रॉकेट खालून वर जाते आणि पोरे ओरडतात. अग्निगोल वरून येतो आणि मोठी माणसे ओरडतात.

साक्षीदारांचे तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाने गोल प्रत्यक्ष पाहिलेला असतो. दुसऱ्या वर्गाने पहिल्याची आरोळी ऐकून मान वर केलेली असते. त्याने मागे राहिलेली धुराची रेघ पाहिलेली असते आणि बाकीचे त्या रेघेवरून काढलेले असते. तिसरा वर्ग झोपलेला असतो. सकाळी चहाच्या दुकानात तिन्ही वर्ग एकत्र बसतात. पहिला घोट घेताना गोल एक असतो, पिवळट असतो आणि निमूट गेलेला असतो. कप रिकामे होईपर्यंत त्याचे तीन तुकडे झालेले असतात, रंग हिरवा ठरलेला असतो आणि कौले हादरलेली असतात. सर्वांत बारकाईचे वर्णन तिसऱ्या वर्गाकडून मिळते. सांगणाऱ्यांत खोटारडा कुणी नसतो. चार सेकंदांच्या आठवणीत मोकळी जागा बरीच असते आणि ऐकलेले तिथे जाऊन बसते. म्हणून अग्निगोल पाहणाऱ्याने सर्व तपशील चहाच्या आधी लिहून ठेवावेत, हा या विषयातला पहिला नियम आहे.

आकाराबाबतची साक्ष जवळपास निरुपयोगी असते. गोल लिंबाएवढा होता, नारळाएवढा होता, सुपाएवढा होता, असे सांगितले जाते. पण ते सूप हातात धरलेले की शेताच्या बांधावर ठेवलेले, हे कुणी सांगत नाही. तेजाचे माप त्यापेक्षा बरे मिळते, कारण त्यासाठी वर सगळ्यांच्या माहितीची वस्तू टांगलेली आहे. पूर्ण चंद्राची प्रत उणे साडेबाराच्या आसपास असते. चंद्रापेक्षा मंद की तेज, अंगणात झाडांच्या सावल्या पडल्या की नाही, त्या सावल्या सरकल्या की नाही, एवढे सांगितले तरी अभ्यासक खूश होतात. गोठ्यातल्या सुईत दोरा ओवता आला असता, असे वर्णन आले तर ते उत्साहाच्या रकान्यात टाकतात.

काळाचे मापही हात देत नाही. तीन सेकंदांचा गोल साक्षीत सहज अर्धा मिनिट टिकतो. यावर तपासकांनी शोधलेला उपाय म्हणजे साक्षीदाराला तो प्रसंग करून दाखवायला लावणे. बायकोला हाक मारली, तिने ‘काय झाले’ असे म्हणत पदराला हात पुसले आणि बाहेर आली, तेव्हा गोल अजून दिसत होता, असे म्हणणाऱ्याला ते सारे पुन्हा करायला सांगतात आणि घड्याळ लावतात. सहसा हाक पुरी होण्याआधीच गोल विझलेला निघतो. घटना नेमकी किती वाजता घडली हे तर आणखी अवघड. ‘जेवणे झाल्यावर’ ही वेळ घरोघर वेगळी असते आणि ‘शेवटची बस गेल्यावर’ ही वेळ रोज वेगळी असते. मोबाइलवरचे घड्याळ पाहून मिनिटापर्यंतची वेळ टिपणे उत्तम.

आता अंतर. या मुद्द्यावर साक्षीदारांमध्ये कधीही मतभेद नसतात : गोल पलीकडच्या शेतात पडलेला असतो. वस्तुस्थिती अशी की ८० किलोमीटर उंचीवरचा अग्निगोल क्षितिजापासून दहा अंशांवर दिसत असेल, तर तो सुमारे ४०० किलोमीटर दूर असतो. अरबी समुद्रावर दूर कुठेतरी एक गोल पेटला, तर कारवारच्या माणसाला तो बैतखोलच्या टेकडीमागे पडलेला दिसतो, पणजीच्या माणसाला मिरामारच्या पाण्यात, आणि कुंभारवाड्याच्या माणसाला डोंगरापलीकडच्या वाडीवर. गोल नेहमी पाहणाऱ्याच्या नजरेतल्या शेवटच्या वस्तूमागे पडतो. त्या वस्तूमागे कुणाची तरी जमीन असते आणि त्या माणसाशी बहुधा बांधावरून भांडण असते, त्यामुळे बातमी लवकर पसरते.

याच कारणाने रात्री बॅटऱ्या घेऊन शोधायला निघण्यात अर्थ नाही. मोठा खडा असला आणि त्यातले काही उरले, तरी जमिनीच्या २०-३० किलोमीटर वरच त्याचा वेग आणि उजेड दोन्ही संपतात. उरलेला प्रवास काळोखात होतो आणि शेवटी दगड साध्या दगडाच्या वेगाने खाली येतो. पेटता गोळा जमिनीवर आपटून गवत जळाल्याचे सांगणारे साक्षीदार भरपूर मिळतात, तसा गोळा मात्र मिळत नाही. कुंभारवाड्याच्या जंगलात रात्री सापडण्याजोगे दुसरे बरेच काही असते आणि त्यातले काही स्वतःहून शोधत येते.

आवाजाची गोष्ट थोडी निराळी आहे. ध्वनीला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीस किलोमीटर अंतरावरचा गडगडाट दीड मिनिटाने पोहोचतो. तेवढ्या वेळात माणसे पुन्हा जेवायला बसलेली असतात आणि आवाजाचे खापर ढगावर फुटते. रशियातल्या चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरचा पाषाण फुटला. डोळे दिपवणारा उजेड पाहून माणसे काय झाले ते बघायला खिडक्यांशी गेली आणि मागाहून आलेल्या धक्क्याने काचा फुटल्या. सुमारे दीड हजार जण जखमी झाले. जोरदार उजेड पडल्यावर दोन-तीन मिनिटे काचेपासून दूर राहावे आणि त्या वेळात सेकंद मोजावेत, असा याचा बोध आहे. कौलारू घरात काचेऐवजी कौलांखालून बाजूला व्हावे. उलट उजेडाबरोबरच सरसर किंवा फुसफुस ऐकू आली, असे सांगणाऱ्यांना पूर्वी अभ्यासक हसत असत, कारण ध्वनी इतक्या लवकर पोहोचणे शक्यच नाही. २०१७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी असे मांडले की अग्निगोलाचा उजेड झपाट्याने कमी-जास्त होत असेल, तर त्याने पाने, केस आणि गडद कपडे यांच्यालगतची हवा तापून जवळच बारीक आवाज होऊ शकतो. तेव्हापासून हसणे कमी झाले आहे. जंगलाजवळच्या गावाला पानांची कमतरता नाही. ऐकू आले असेल तर जरूर कळवावे.

अग्निगोलाचे सोंग घेऊन येणाऱ्या वस्तूही आहेत. गोव्याला उतरणारी विमाने दिवे लावून येतात, कृत्रिम उपग्रहांची माळ रांगेने जाते आणि शुक्र स्वतः पश्चिमेला तासन्‌तास उभा राहून अनेकांना फसवतो. सर्वांत मोठे सोंग महाराष्ट्राने २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पाहिले. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून गुजरात आणि मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशातून जळत्या तुकड्यांची मिरवणूक जाताना पाहिली. कुणी उल्का म्हटले, कुणी विमान पेटले म्हटले, कुणी क्षेपणास्त्र. काही वेळाने चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. जवळच्या भागात धातूचा पोकळ गोळाही सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटचा टप्पा वर्षभर फिरून खाली आला होता, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. कडे पोलीस ठाण्यात जमा झाले. उल्का आणि रॉकेट यांत फरक करायला या घटनेने सोपी खूण दिली. कक्षेतून परतणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरहून कमी वेगाने येते, म्हणून मिरवणूक अर्धा-एक मिनिट चालते. खिशातून मोबाइल काढून, तो उघडून, शेजाऱ्याला बाजूला करून चित्रण करायला वेळ मिळाला, तर ती बहुधा उल्का नव्हे.

अस्सल दगड पडण्याचे उदाहरणही विदर्भातच आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या काटोलवर गडगडाटासह दगडांचा वर्षाव झाला. मे महिन्यातली विदर्भातली दुपार असल्याने रस्त्यावर कुणी नव्हते. एक दगड एका घराचे छप्पर फोडून आत आला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तुकडे गोळा करून तपासले. ते अशनीच निघाले. त्यांची ओळख काळ्या पातळ कवचावरून पटते. दगड आकाराच्या मानाने जड असतो, त्याला लोहचुंबक बहुधा चिकटते आणि आत छिद्रे नसतात. जोयडा तालुक्यात मात्र या खुणा जपून वापराव्या लागतात. या भागात मँगनीजचे खनिज आहे, तेही काळे आणि जड. उरलेला दगड जांभा, तो छिद्रांनी भरलेला. गावातला प्रत्येक काळा दगड आकाशातून आला असे मानल्यास आकाशात काही उरणार नाही.

शास्त्राने साक्षीदारावर विश्वास ठेवायला बराच वेळ घेतला. आकाशातून दगड पडतात, ही खेडवळांची गोष्ट आहे असे अठराव्या शतकातले बहुतेक युरोपीय विद्वान मानत. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समध्ये लेग्ल गावाजवळ सुमारे तीन हजार दगड पडले, तेव्हा झाँ-बाप्तिस्त बियो या तरुण शास्त्रज्ञाला चौकशीला पाठवण्यात आले. तो गावोगाव फिरला, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांना त्याने वेगवेगळे गाठून विचारले आणि त्यांच्या सांगण्याचा मेळ पडलेल्या दगडांशी घातला. त्याच्या अहवालानंतर विद्वानांचा आक्षेप संपला. शेतकऱ्यांना आक्षेप कधीच नव्हता. भारतात २८ जानेवारी १९७६ च्या रात्री गुजरातमधल्या धजाळा परिसरात सुमारे ४५ किलो दगड पडले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी लोकांच्या साक्षी जमवून गोलाचा मार्ग काढला आणि मागे जात तो सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता हेही मांडले.

अशा कामी कोणती साक्ष उपयोगी पडते, हे पाहण्यासारखे आहे. शिकलेला साक्षीदार ठामपणे ‘ईशान्य’ म्हणतो. ईशान्य म्हणजे नेमके कुठे, असे विचारल्यावर त्याचा हात पाव आकाशभर फिरतो. गावातला साक्षीदार दिशेचे नाव घेत नाही. तो म्हणतो : ‘हांगा पायरीवर बसलेलो. त्या फणसाच्या मोडक्या फांदीवरून आला आणि गोठ्याच्या आढ्यामागे गेला.’ ही साक्ष सोन्याच्या मोलाची आहे. पायरी जागेवर आहे, फणस जागेवर आहे, गोठा जागेवर आहे. तपासक महिन्याने आला तरी त्याच पायरीवर बसून फांदीची दिशा होकायंत्राने आणि उंची कोनमापकाने मोजू शकतो. साधन नसल्यास हात लांब करून मूठ धरावी. मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. पडताळ्यासाठी ध्रुवतारा आहे. कुंभारवाडा पंधरा अंश अक्षांशाच्या थोडा वर असल्यामुळे ध्रुव क्षितिजापासून दीड मुठीवर यायला हवा. तो न दिसल्यास मुठीला दोष न देता पुढच्या झाडाला द्यावा.

नोंद पाठवण्यासाठी अमेरिकन मीटिअर सोसायटी आणि इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन यांचा ऑनलाइन अर्ज आहे. मोबाइलला रेंज असणाऱ्या वळणावर जाऊन तो भरता येतो. अर्जात पाहणाऱ्याची जागा, तारीख, वेळ, गोल कुठे सुरू झाला, कुठे संपला, किती सेकंद दिसला, तेज, रंग, तुकडे, मागे राहिलेली रेघ आणि आवाज हे विचारतात. अनुभवाची पातळीही विचारतात. तिथे संकोच दाखवणारा मराठी माणूस अजून पाहण्यात नाही. घरात कोकणी, कचेरीत कन्नड आणि भजनात मराठी चालणाऱ्या गावात एकाच गोलाच्या तीन भाषांत तीन हकिकती होतात. त्या एकत्र करून पाठवू नयेत. ज्याने पाहिले त्याने आपले तेवढेच लिहावे, आणि आठवत नसलेला रकाना रिकामा सोडावा. हा शेवटचा नियम सर्वांत जड जातो.

एका साक्षीने फक्त दिशा मिळते. गोलाची उंची आणि मार्ग काढायला दूरदूरच्या दोन-तीन साक्षी लागतात. कारवार, बेळगाव आणि पणजी ही तिन्ही शहरे कुंभारवाड्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, पण वेगवेगळ्या बाजूंना आहेत. एका बाकावर बसून चहा पिणाऱ्या पन्नास जणांच्या एकमुखी साक्षीपेक्षा या चार ठिकाणच्या चौघा अनोळखी माणसांच्या साक्षी अधिक कामाच्या. चौघेही आपल्याच शेतात गोल पडल्याचे सांगत असले तरी बिघडत नाही, कारण हिशेबात शेत घेत नाहीत, रेषा घेतात.

दगड सापडलाच तर त्याला उघड्या हाताने फार न चोळता स्वच्छ कोरड्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळावे, जागेचा फोटो काढावा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. पाण्याने धुऊ नये, हातोड्याने आत काय आहे ते पाहू नये, शेंदूर लावू नये. तपासणी होऊन तो अशनी ठरला, तर त्याला जवळच्या ठिकाणाचे नाव देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. प्रथम पाहणाऱ्याचे, उचलणाऱ्याचे किंवा ज्याच्या शेतात पडला त्याचे नाव देत नाहीत, त्यामुळे बरेच तंटे जागच्या जागी मिटतात. एक उरतो. एका अशनीचे नाव दुसऱ्याला चालत नाही, आणि कुंभारवाडे मुंबईपासून प्रत्येक जुन्या शहरात आहेत. तेव्हा जोयड्याच्या कुंभारवाड्यातल्या कुणाला गोल दिसला, तर त्याने अर्ज त्याच रात्री भरावा.